येते हं

तिसऱ्यांदा क्रेडिट कार्ड बदलून झालं, तरी पाच तारखेला मेसेज आलाच : 'सोबत' या सेवेची मासिक वर्गणी कापली आहे.

बाईंनी हातातली प्रुफं बाजूला सारली आणि चष्मा काढून डोळे चोळले. असली कुठलीही सेवा त्यांनी घेतली नव्हती. दर महिन्याला त्या बँकेला फोन करत, दर वेळी तीच मुलगी गोड आवाजात तक्रार लिहून घेई, आणि पुढच्या पाच तारखेला पैसे गेलेलेच असत.

त्या मुलीची एक गोष्ट बाईंना फार खटकायची. दाराशी निरोप घ्यावा तसं ती बोलणं संपवताना म्हणायची, "येते हं." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेल्या बाई मनातल्या मनात ते खोडून तिथे 'ठेवते' असं लिहायच्या.

आज मात्र त्या मेटाकुटीला आल्या होत्या. "अगं, ही सेवा आहे तरी कसली?"

"सोबतीची, ताई. दिवसभर एकट्याच असता ना तुम्ही."

"मला नकोय कुणी! बंद कर बाई एकदाचं."

"आता कसं बंद होणार, ताई? सगळे हप्ते भरून झाले तुमचे. बरं, येते हं."

फोन कट झाला. बाईंनी तो प्रुफांच्या गठ्ठ्यावर आपटला आणि रिकाम्या घराला ऐकवलं, "येते काय, येते! फोनवर ठेवते म्हणतात!"

"चुकलंच, ताई," स्वयंपाकघरातून तोच गोड आवाज आला. "आता 'आले' म्हणायला हवं."