काम झालंय, पण जात नाहीये

“काम झालंय, पण जात नाहीये,” डॉक्टर फोनवर म्हणाले.

ग्रंथपाल बाईंनी चष्मा चढवला आणि खुर्ची पुढे ओढली. “समोर ‘पाठवायला तयार’ असं दिसतंय का?”

“तसंच दिसतंय. नटूनथटून बसलंय, पण उंबरठा काही ओलांडत नाही.”

नव्या औषधांच्या शोधासाठी लागणारं अवाढव्य गणित तुकडे करून घरोघरच्या कॉम्प्युटरांना वाटलं जायचं. कॉम्प्युटर रिकामा असला की त्याने आपला तुकडा सोडवायचा आणि उत्तर परत पाठवायचं. सगळा हौसेचा मामला. कुणाचं अडलं तर मदत करणारेही हौशीच. निवृत्त झाल्यावर बाई त्यांच्यातल्या एक झाल्या होत्या.

डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. मदतीच्या पानावर लिहून लिहून दोघांची दमछाक झाली, तेव्हा बाईंनीच त्यांना आपला नंबर दिला. पहिला बिघाड मजेशीर निघाला होता. आतली बॅटरी संपल्यामुळे कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं आणि असल्या जुनाट तारखेच्या पाहुण्याला कामं वाटणारा मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, दारात उभं करत नव्हता. तारीख दुरुस्त केली तशी तुंबलेली सगळी कामं सुळकन निघून गेली.

“तुमचा आवाज बसलाय का?” डॉक्टरांनी तेव्हा सहज विचारलं होतं.

“नाही हो. आज दिवसभरात आत्ताच तोंड उघडलंय,” बाई हसून म्हणाल्या होत्या.

डॉक्टरांचं काम झालं होतं, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, “माझं बघा. जन्मभर लोकांची तोंडं उघडायला लावली, पण बोलू कुणालाच दिलं नाही.”

त्याच आठवड्यात त्यांची डिस्क भरली. मग आणखी काही. दिवेलागणीचा फोन हळूहळू रोजचाच झाला.

एकदा बाईंनी त्यांच्याकडून प्रोग्रॅमच्या नोंदी मागवून घेतल्या. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ‘वापरकर्त्याने नेटवर्क बंद केले.’ वेळ फोनच्या जरा आधीची. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

माणूस आपल्याच हाताने काम अडवत होता. कुणाशी दोन शब्द बोलायला मिळावेत, एवढ्यासाठी. डॉक्टरांच्या फोनमागे कधी कुणाची चाहूल नसे. फोन लागला की आधी दार लावल्याचा आवाज तेवढा येई. “वारा फार येतो,” ते म्हणत.

बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट चुटकीसरशी सुटणारी गोष्ट त्या लांबवू लागल्या. “आधी केबल बघा. आता राउटर बंद करून चालू करा. तो जागा होईपर्यंत थांबू या.” तेवढ्या वेळात डॉक्टर विचारत, जेवायला काय केलंत? पूर्वी बाई ओट्यापाशी उभ्या उभ्याच काहीतरी पोटात ढकलत. आता उत्तर द्यायचं म्हणून तरी त्या नीट रांधू लागल्या, ताट घेऊन बसू लागल्या. गप्पा आटल्या की मग शेवटी सांगत, “ते ‘नेटवर्क चालू’ दाबून बघा बरं.”

“गेलं,” डॉक्टर म्हणत.

“गेलं,” बाई म्हणत, आणि घर पुन्हा गप्प होई.

अशातच धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, लेक सासरी गेली, तिची खोली रिकामी आहे. तू ये आमच्याकडे. किती दिवस भिंतींशी बोलणार?”

“नाही गं जमायचं. इथे एक गृहस्थ माझ्या भरवशावर आहेत.”

“कोण गृहस्थ?”

“दाताचे डॉक्टर होते. अगदी एकटे आहेत बिचारे. संध्याकाळी मी आसपास नसले तर हाय खातील.”

“तिकडून नाही का बोलता येणार?”

“तुमच्या भरल्या घरात मला कुठला निवांतपणा? आणि त्यांना मागे तुमचा कलकलाट ऐकू आला, तर आणखीच एकटं वाटेल.”

बहीण म्हणाली, “बघ हं. ती खोली मग मी सासूबाईंना देते. मागाहून हळहळू नकोस.”

“दे.”

फोन ठेवला आणि बाईंना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

त्या संध्याकाळी मात्र डॉक्टरांचा फोन आला नाही. बाईंनी दिवा लावला, फोन मांडीवर घेऊन बसल्या. सर्व्हरच्या पानावर डॉक्टरांचं खातं उघडून पाहिलं. काहीच अडकलेलं नव्हतं. सकाळपासूनची सगळी कामं व्यवस्थित परत आली होती. तेच पाहून त्यांनी धसका घेतला. आज बिघाड करायलाही माणूस उठला नसेल तर? एकटा जीव. पडला असेल, हाक मारणार कुणाला?

आजवर त्यांनी आपणहून फोन केला नव्हता. रोज ज्या नंबरावरून फोन येई, तो डॉक्टरांच्या घरचा नंबर फिरवला.

लगेच उचलला गेला. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी खदखदून हसत होतं, दोघंतिघं एकदमच बोलत होती. नंबर चुकला, बाईंना वाटलं.

“कोण हवंय?” एका लहान मुलीने विचारलं.

“डॉक्टर... डॉक्टर आहेत का?”

“आजोबा वर आहेत. आम्ही सगळे फिरायला गेलो होतो ना, म्हणून त्यांना उशीर झाला.”

“सगळे म्हणजे?”

“आजी, आई, बाबा, काका, काकू आणि आम्ही मुलं.”

“बरे आहेत ना ते?”

“हो. कॉम्प्युटर बिघडवतायत.”

बाईंनी विचारलं, “का गं?”

“एक बाई आहेत, त्यांना कुणीच नाहीये,” मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली. “कॉम्प्युटर बिघडलाच नाही, तर त्या बिचाऱ्या बोलणार कुणाशी?”