मागच्या दाराची कडी

“माकड?” शिंपीणमावशींनी मशीनचं चाक हातानेच थांबवलं.

“शिकवलेलं माकड, मावशी. हवामान खात्याचा मोठा फुगा होता, त्यात बसवलं होतं. फुगा फाटला आणि तुमच्या घरामागच्या माळावर पडला. संपलं.”

समोर बसलेले साहेब सरकारच्या खुलासा खात्यातले होते. आकाशातून काही पडलं, की लोक राईचा पर्वत करतात. त्या पर्वताची पुन्हा राई करून, वर त्यांची सही घेऊन यायचं, हे त्यांचं काम.

पंधरा दिवस वस्तीला दुसरा विषय नव्हता. “परग्रहावरचे पाहुणे दारात आले आणि मावशीने साधं पाणीसुद्धा विचारलं नाही,” असं न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता. लोक पोट धरून हसत. मावशींना मात्र त्या दिवसापासून घास गोड लागत नव्हता.

“पण साहेब, ते पुढच्या दाराला नाही आलं. कुंपणाला वळसा घालून मागच्या दाराला आलं.”

“माकड कधी पुढच्या दाराने येतं का?”

“आणि कडी? बाहेरून ती उघडायची तर बाजूच्या झडपेतून हात घालावा लागतो. आधी वर उचलायची, मग ओढायची. शेजारणीला तीस वर्षांत जमली नाही. त्याने पहिल्या झटक्यात उचलली.”

“त्यांना तेच तर शिकवतात. कड्या, खटके, बटणं.”

मावशींच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. सकाळी नऊची वेळ, माळावर धुराचा लोट, आणि त्यातून सरपटत आलेलं ते चंदेरी काहीतरी. डोक्यावर काळ्या काचेचा गोळा. झडपेतून हात आत आला तेव्हा मावशींनी जिवाच्या आकांताने झडप आपटली होती. लोखंडी झडप. तीन बोटं तिच्याखाली चिरडली. हात मागे गेला, आणि सरकारी गाड्या येईपर्यंत ते दाराला टेकून बसून राहिलं. त्याच्या श्वासागणिक दाराची फळी हलत होती, आणि मावशी आतून बघत होत्या.

“बाहीला दुहेरी शिवण होती, साहेब. परग्रहावर शिलाई मशीन नसतं, एवढं मला कळतं. म्हणूनच जिवाला घोर लागलाय. तो माणूस तर नव्हता ना? तेवढं खरं सांगा.”

“माणूस असता तर बोलला नसता का, मावशी?”

हे मात्र खरं होतं. ते एक शब्दही बोललं नव्हतं.

“मग माझ्या हातून मेलं का ते?”

“छे! आधीच भाजलं होतं. तुम्ही दार उघडलं असतंत, तरी वाचलं नसतं.”

मावशींनी पदराने डोळे पुसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी सही केली आणि साहेबांसाठी पाणी आणलं. भांडं तोंडाला लावता लावता साहेबांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

“मुलगा माझा,” मावशी म्हणाल्या. “सरकारी कोठारात पोती मोजतो. तिकडे म्हणे फोन लागत नाही. महिन्याला एक पत्र येतं, या महिन्याचं काही अजून आलं नाही.”

साहेबांनी पाणी तसंच खाली ठेवलं. गाडी खोळंबली आहे, म्हणाले, आणि निघाले.

त्या दिवशी मावशी पोटभर जेवल्या. मग मुलाला पत्र लिहायला बसल्या. ‘तुझी आई एका माकडाला घाबरली. वाच आणि हस.’

आठव्या दिवशी तेच साहेब पुन्हा आले. या खेपेला त्यांच्यामागून चौघांनी एक बंद पेटी आणली. कोठाराच्या आवारात ट्रक उलटला, आग लागली, मुलगा त्यात गेला, पेटी उघडायला परवानगी नाही. साहेब मान खाली घालून, पाठ केल्यासारखे बोलत होते. मावशींना शब्द ऐकू येत होते, पण ते आत उतरत नव्हते.

पेटीबरोबर एक पाकीट होतं. खुलासा खात्याचं नव्हे, सरकारी दवाखान्याचं. तिथल्या डॉक्टरला खुलाशाशी देणंघेणं नव्हतं, त्याने डोळ्यांना दिसलं ते लिहून नियमाप्रमाणे पाकीट चिकटवलं होतं. साहेबांनीही ते उघडलेलं नव्हतं.

मावशींनी ते फोडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. छाती भाजलेली. घसा आतून भाजलेला, आवाज निघणं अशक्य. उजव्या हाताची तीन बोटं लोखंडी कडेखाली चेचलेली.