खाडीचं गाणं

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढल्यापासून गुरुदासबुवांना आवाज नव्हता. खाडीतल्या वाळूउपशाविरुद्ध त्यांनी रचून गायलेलं गाणं आता वाळूचा ठेकेदारच उमेदवार होऊन सभांत वाजवत होता. ते थांबवायला बुवा बायकोसोबत देवबागहून बांद्याच्या सभेत आले. कार्यकर्त्यांनी तिला मंचाखालीच अडवलं. "काकी, तुम्ही हंयच बसा." "अरे, तेंका बोलूक जमना नाय! मी सांगतंय..." तोवर उमेदवाराने बुवांना मंचावर नेलं, त्यांच्या गळ्यातला मफलर श्वासासाठी पाडलेल्या छिद्रावर नीट ओढला आणि बंद माईक हातात दिला. "बुवा स्वतः इलेत! लावा रे गाणा!" कर्ण्यांतून बुवांचा जुना, खणखणीत आवाज घुमला. बुवा माईकमध्ये पुन्हा पुन्हा 'बंद करा' म्हणत राहिले. लोकांना फक्त हलणारे ओठ दिसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोशेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "वय झाला, पण आवाज तसोच आसा गो!"