पुठ्ठ्याचा सिंथ

"यंदा नाही म्हणे." दादाने फोन तिच्यापुढे धरला. "पुढच्या वर्षी. पण नक्की."

धाकटीने फोनकडे बघितलंही नाही. त्यात काय असणार हे तिला पाठ होतं. आपल्या खिशाला परवडणारा अ‍ॅनालॉग सिंथ, म्हणजे पट्ट्या-नॉबांचा सिंथेसायझर, जोडीला तसलंच ड्रम मशीन, चकचकीत फोटो आणि खाली एक शब्द: 'लवकरच'. दोन वर्षं त्या कंपनीने एवढा एकच शब्द विकायला ठेवला होता, आणि त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं तिचा सख्खा भाऊ.

तिचं आज वेगळंच काम होतं. शनिवारी चौकातल्या छोट्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. मी गाणार, दादा वाजवणार, असं तिने हॉलवाल्याला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. त्याला पसंत पडलं तर पुढचा प्रत्येक शनिवार त्यांचा. पोस्टर छापायला गेलं होतं आणि पोस्टरवाला सकाळपासून तिच्या मागे लागला होता, फोटो दोघांचा टाकू की एकटीचा?

"शनिवारी तू वाजवणार आहेस की नाही, ते सांग."

"कशावर वाजवू?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या मशीनची बातमी आली त्याच आठवड्यात दादाने जुना सिंथ आणि जुनं ड्रम मशीन विकून टाकलं होतं. टेबलावर जागा नको का व्हायला! मग ती रिकामी जागा त्याला बघवेना. कंपनीने जाहीर केलेली मापं घेऊन त्याने पुठ्ठ्याचा सिंथ तयार केला, खऱ्याच्याच आकाराचा. पट्ट्या शाईने आखलेल्या आणि नॉबच्या जागी औषधाच्या बाटल्यांची झाकणं, टाचणीवर गोल फिरणारी, प्रत्येकावर एक पांढरी रेघ. हाताला सवय हवी, असं म्हणून तो रोज त्यावर सराव करायचा. डावीकडचं सगळ्यात मोठं झाकण आवाजाचं. उठण्याआधी तो ते न चुकता शून्यावर आणायचा, कारण आवाज चढा ठेवून मशीन बंद केलं की स्पीकर दणकतो. पुठ्ठ्याला स्पीकर नव्हता. वहिनी म्हणायची, शेजाऱ्यांना याहून चांगला कलाकार मिळायचा नाही.

"कुणाकडून उसनं आण. भाड्याने आण," धाकटी म्हणाली. "काहीच नाही जमलं तर फोनवरचे ठेके लाव."

"फोनवरचे?" दादाने तोंड असं केलं, जणू तिने भर गाण्यात शिवी घातली. "त्यात जीव नसतो गं. अ‍ॅनालॉग म्हणजे कसं, मशीन तापलं की सूर जरासा हलतो. माणसासारखा. एवढं थांबलो, आता थोडक्यासाठी कशाला घाई करायची?"

"सूर हलतो! आणि तू? तू कधी हलणार?"

दादाने खाली वाकून पुठ्ठ्यावरच्या धुळीवर हळूच फुंकर मारली.

ती फुंकर तिला सहन झाली नाही. तिने पुढे होऊन तो पुठ्ठा टेबलावरून ओढलाच.

"फाडते आता. एकदाची कटकट जाऊ दे!"

दादा जागचा उठला, पण अडवायला पुढे आला नाही. तिने पुठ्ठा दोन्ही हातांत घट्ट धरला. आणि तिच्या डाव्या हाताची बोटं मोठ्या झाकणावर गेली, त्यांनी ते सावकाश उलटं फिरवलं, पांढरी रेघ शून्यावर आणून ठेवली.

दोघंही त्या झाकणाकडे बघत राहिले.

"बघ," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "तुझ्याही हाताला सवय झाली."

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने पुठ्ठा परत टेबलावर ठेवला. अगदी जपून ठेवला, आणि जपून ठेवला याचाही तिला संताप आला. पर्स उचलून ती तरातरा बाहेर पडली.

जिन्यात फोन वाजला. पोस्टरवाला.

"ताई, कागद लावून बसलोय बघा. दोघं की एकटी?"

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टकटक ऐकू येऊ लागली. बोटांची, पुठ्ठ्यावर. शनिवारी ती जे गाणं पहिलं म्हणणार होती, त्याचाच ठेका. कुठे घाई नाही, कुठे ढिलाई नाही. दुसऱ्या ओळीनंतर ती जिथे श्वास घेते तिथे बोटं बरोबर तेवढीच थांबली आणि पुन्हा सुरू झाली. असा साथीला बसणारा तिला गावभर शोधूनही मिळाला नसता.

"ताई? ऐकताय ना?"

"एकटी," ती म्हणाली.

"मग भाऊंचा फोटो काढून टाकू?"

"काढा."

फोन पर्समध्ये टाकून ती जिना उतरू लागली. टकटक चालूच होती. तिच्या लक्षात आलं, आपले पाय त्याच्या ठेक्यावर पडताहेत. तिने मुद्दाम एक पायरी गाळली. मग एका पायरीवर उगीचच थांबून राहिली, ठेका पुढे जाऊ दिला.

तरी शेवटच्या पायरीवर पाय टेकला, तो ठेक्यातच.