डिस्क वापरात आहे

निरंजनने कॉम्प्युटरला आणखी एक डिस्क जोडता येईल असं कार्ड बसवलं आणि वारलेल्या वडिलांची, अण्णांची, हार्ड डिस्क आपल्या डिस्कशेजारी जोडली. त्यांचे फोटो कॉपी करून ती जुनी डिस्क पुसून टाकायची होती. अण्णा प्रत्येक फोटोला नाव द्यायचे: ‘माथेरान. ही घोड्याला घाबरली.’ शेवटचे काही फोटो मात्र कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांवरच राहून गेले होते.

कॉपी झाली, तरी अण्णांच्या डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. ती काढायला गेला, तर पडद्यावर सूचना आली: डिस्क वापरात आहे.

“आई, कॉम्प्युटरला हात लावला होतास?”

“मी कशाला लावू? तुझ्या लेकीला भरवतेय.”

त्याने फोल्डर उघडलं. राहिलेल्या फोटोंनाही नावं आली होती. वायर उपटायला त्याने हात घातला, तोच त्याच्या स्वतःच्या डिस्कचा दिवा लागला. तिच्यात लेकीचे फोटो होते. अण्णा गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

पहिल्या फोटोखालचा आकडा पुसला गेला आणि एकेक अक्षर उमटू लागलं.

‘नात. नाक माझ्या आईचं.’

वायर सोडून निरंजन उठला आणि त्याने खुर्ची मोकळी करून दिली.