काँक्रीटचे केस

"जुन्या जेटीत हे घातलं असतं, तर ती पडली नसती," म्हणत इंजिनिअरने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या धाग्यांची मूठ माझ्यापुढे धरली. "काँक्रीटला तडे जात नाहीत. खारं पाणी सळईपर्यंत पोचत नाही."

"ठेकेदाराने खाल्लं असणार, साहेब," मुकादम माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "यांची बायको मासळीची पाटी घेऊन उभी होती. स्लॅबबरोबर गेली बिचारी."

मी मान हलवली. पण ठेकेदाराने या धाग्यांच्या पिशव्या पाठवल्या होत्या. त्या कामावर गवंडी मी होतो. "काँक्रीटला केस कसले? फिनिशिंग बिघडतं," म्हणत मीच त्या बाजूला टाकल्या.

बायको म्हणाली होती, "अहो, फेकू नका. उशीत भरते."

उशीला आता अकरा वर्षं झाली. मी तिच्यावरच झोपतो. एकही धागा कुजलेला नाही.