नानांच्या तोंडचे शब्द

पेल्यावर चमचा वाजला. टण्ण. सुस्तावलेल्या दुपारी घरात तेवढाच आवाज.

कामिनीने केळीच्या वेफर्सची कढई खाली उतरवली, हात पुसले आणि वही घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली. अर्धांगवायू झाल्यापासून जीवराम नानांना हाक मारता येत नव्हती. चमचा हीच त्यांची हाक. "त्यांचं पुटपुटणं फक्त आमच्या कामिनीलाच समजतं," असं सासूबाई, शेवंताबाई, अख्ख्या मुक्ताईनगरात सांगत.

रोज तासभर ती खाटेजवळ बसे, कान त्यांच्या ओठांशी नेई आणि लिहीत राही. रविवारी जळगावच्या पेपरात नानांचं 'नवी लेखणी' सदर छापून येई. शिरपूरपासून पहूरपर्यंतची लिहिती पोरं ते कापून जपत. तळण, धुणं, लेक भूमिकाचा अभ्यास, या सगळ्यातून कामिनीच्या हाती लागणारा हा एकच तास.

आज तोही जातो की काय, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेपरचे हितेंद्र खाटेसमोर येऊन बसले होते.

"संपादक म्हणतात, नानांना झेपत नसेल तर सदर थांबवू," ते अवघडून म्हणाले. "एक प्रश्न समोर विचारून उत्तर घेऊन या, म्हणालेत."

"विचारा ना, भाऊ." कामिनीने वही छातीशी घट्ट धरली.

हितेंद्रांनी शिरपूरच्या एका बाईचं पत्र वाचलं. 'लेकरू झोपतं तेवढाच वेळ मिळतो. लिहायला सुरुवात कशी करू?'

कामिनी वाकली. नानांचे डोळे तिच्यावर खिळले. ती बराच वेळ तशीच राहिली. मग पेन भराभर चाललं.

हितेंद्रांनी कागद हाती घेतला. 'चांगल्या पहिल्या वाक्याची वाट बघू नकोस, तोवर लेकरू उठेल. वाईट तर वाईट, पण लिही. उठताना वाक्य अर्धंच सोड. भांडी घासताना ते तुला बोलावत राहील. आणि आपलं म्हणून लिहायचा धीर होत नसेल, तर दुसऱ्या कुणाच्या तोंडी घाल.'

हितेंद्रांनी चष्मा काढून पुसला. "नाना, बाईमाणसाच्या मनातलं कसं हो कळतं तुम्हाला!"

"माह्या मनातलं तर चाळीस वर्षांत नाही समजलं त्यायले," दारातून शेवंताबाई म्हणाल्या.

सगळे हसले. नानांचे डोळेही हसले. चमचा टण्णकन वाजला.

"झालं तर. सदर चालू," म्हणत हितेंद्र उठले. कामिनीने कधीचा धरलेला श्वास सोडला.

एवढ्यात पाच वर्षांची भूमिका खाटेवर चढली आणि आईसारखाच कान आजोबांच्या ओठांशी नेऊन बसली. सगळे कौतुकाने बघू लागले. हितेंद्रही चपला घालता घालता थांबले. भूमिकाने थोडा वेळ ऐकलं. मग दुसरा कान लावला.

"आई," तिने मान वर करून विचारलं, "आजोबा तर काहीच बोलत नाहीत. मग तू कुणाचं लिहितेस?"